ओपन सोर्समधे विद्यार्थ्यांना मेंटॉर करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही एखाद्या ओपन सोर्स (म्हणजे खुल्या कोडच्या, कोणीही बघू-बदलू शकेल अशा) प्रोजेक्टमधे थोडंफार काम करताय आणि आता कोणीतरी पोरगं "मला पण शिकायचंय" म्हणून मागे लागलंय, किंवा प्रोजेक्टने "यंदा मेंटॉर कमी पडतायत, कोण येतंय" असं विचारल्यावर तुम्ही भरात हात वर केलाय, तर हे तुमच्यासाठी. मीटअपला चहाच्या वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. विद्यार्थ्यांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच.

मेंटॉरने नेमकं करायचं काय? कोडिंग शिकवायचं का?

नाही. कोडिंग शिकवायला यूट्यूब आहे, कॉलेज आहे (असं म्हणतात). तुम्ही दाखवायचं ते प्रोजेक्टमधे वावरायचं कसं. म्हणजे कुठला प्रश्न कुठे विचारायचा, टेस्ट कुठे ठेवतात, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) लाल झालं की लॉगमधे वरून वाचायचं की खालून, कुठल्या मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) मोठे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' ही विनंती) बघितले की डोकं धरावंसं वाटतं, हे सगळं. यातलं निम्मं कुठेच लिहिलेलं नसतं, जुन्या लोकांच्या डोक्यात असतं.

आणि दुसरं काम, माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं, म्हणजे पोराला गप्प बसू न देणं. फसलेल्या इंटर्नशिप पुष्कळ बघितल्या, त्यात कोड जमला नाही म्हणून फसलेल्या फार थोड्या, बाकीच्या सगळ्या गप्प बसल्यामुळे. अडकला, लाज वाटली, सांगितलं नाही, मग इतके दिवस सांगितलं नाही म्हणून अजून लाज वाटली, मग मेसेज उघडायचेच बंद केले. खाली बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा येत राहील.

मी मेंटेनर नाही, नुसता कॉन्ट्रिब्यूटर आहे. चालेल का?

चालेल, आणि कधी कधी जास्त चांगलं चालतं. पंधरा वर्षं त्याच कोडमधे राहणाऱ्या माणसाला नवीन पोराला काय कळत नाहीये हेच कळत नाही. तुम्हाला मात्र तो बिल्डचा एरर अजून तोंडपाठ असतो.

फक्त मर्ज करायचा (बदल मुख्य कोडमधे घ्यायचा) अधिकार तुमच्याकडे नसेल तर असलेल्या कोणाला तरी आधीच सोबत घ्या. नाहीतर तुम्ही "मस्त झालंय" म्हणता आणि पीआर तीन आठवडे तसाच पडून राहतो, आणि पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तसंही दोन मेंटॉर असलेलेच बरे. एक आजारी पडतो, एकाचं लग्न निघतं, एकाच्या ऑफिसात रिलीज येते.

कुठले कुठले प्रोग्राम आहेत?

सगळ्यात नावाजलेला गूगल समर ऑफ कोड, त्यात मेंटॉरच्या हाताखाली ओपन सोर्स प्रोजेक्टमधे स्टायपेंड घेऊन काम करायचं. २००५ पासून चालू आहे आणि आतापर्यंत जगभरातून २० हजारांहून जास्त लोक त्यातून गेलेत, आपल्याकडची पोरं त्यात दरवर्षी ढिगाने असतात. २०२२ पासून विद्यार्थीच पाहिजे ही अट काढली, आता वय १८ पूर्ण आणि ओपन सोर्समधे नवखा एवढं पुरतं, त्यामुळे नोकरीतून करिअर बदलणारा पस्तिशीतला माणूसही येऊ शकतो. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. संस्थांची यादी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागते, मार्च-एप्रिलमधे प्रपोजल, एप्रिलअखेर किंवा मेमधे निकाल, मग दोन-तीन आठवडे ओळख-पाळख आणि त्यानंतर कोडिंग. एका माणसाला जास्तीत जास्त तीन प्रपोजल देता येतात.

आउटरीची २०१० मधे ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रोजेक्टने बायकांसाठी सुरू केला, नंतर ज्यांना या क्षेत्रात शिरताना भेदभाव सहन करावा लागतो अशा सगळ्यांसाठी खुला झाला. स्टायपेंड ७,००० डॉलर आणि देश कुठलाही असला तरी तेवढेच, समर ऑफ कोडसारखं देशागणिक कमी-जास्त नाही (त्यावरून दरवर्षी एक भांडण ठरलेलं असतं). आउटरीचीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे निवडीच्या आधीच एक काळ असतो ज्यात प्रत्येकाने प्रोजेक्टमधे खरं काहीतरी करून दाखवायचं असतं, नुसतं गोड प्रपोजल लिहून भागत नाही.

लिनक्स फाउंडेशनचा एलएफएक्स मेंटॉरशिप आहे, वर्षातून तीनदा, कुबरनेटिस वगैरे क्लाउडवाल्यांसाठी तोच जवळचा. सीझन ऑफ केडीई आहे (केडीई म्हणजे लिनक्सचा दुसरा एक डेस्कटॉप), त्यात पैसे नाहीत पण लोक फार मायेने शिकवतात.

आणि कुठलाच प्रोग्राम नसला तरी मेंटॉरिंग होतं हे विसरू नका. दुर्गापूरच्या लिनक्स यूझर ग्रुपने २००८ पासून उन्हाळ्यात आयआरसीवर (जुनी, फक्त मजकुराची चॅट) फुकट ट्रेनिंग चालवलं, नुसतं टाइप करून, ना व्हिडिओ ना स्लाइड. प्रश्न विचारायचा असेल तर आधी उद्गारचिन्ह टाकायचं आणि आपला नंबर यायची वाट बघायची. पश्चिम बंगालमधल्या एका शहराच्या नावाचा ग्रुप आणि त्यातून बाहेर पडलेली पोरं मोठमोठ्या प्रोजेक्टमधे दिसतात.

मेंटॉरला पैसे मिळतात का?

समर ऑफ कोडमधे मेंटॉरला थेट काही नाही, संस्थेला प्रत्येक कॉन्ट्रिब्यूटरमागे ५०० डॉलर मिळतात आणि त्याचं काय करायचं ते संस्था ठरवते. पैशासाठी करणार असाल तर ट्यूशन घ्या, परवडेल.

वेळ किती जातो? नोकरी सांभाळून जमेल?

आठवड्याला चार-पाच तास धरून चला, पहिले तीन-चार आठवडे त्याहून जास्त, आणि तेही एका विद्यार्थ्यामागे. तास काढणं तेवढं अवघड नाही, अवघड असतं ते तुकड्यात उपलब्ध असणं. शनिवारी सलग पाच तास दिले आणि सोमवार ते शुक्रवार गायब, याचा उपयोग शून्य, कारण पोरगं सोमवारी सकाळी अडकलं की शनिवारपर्यंत बसून राहतं. रोज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं प्रोजेक्टच्या चॅट चॅनेलवर डोकवा, तेवढ्याने खूप फरक पडतो.

कंपनीच्या काँट्रॅक्टमधे बाहेरच्या कोडबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचून घ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऑफर लेटरची पगाराची ओळ सोडून काहीच वाचलेलं नसतं.

"प्लीज असाइन मी धिस इश्यू सर" असे दहा-दहा मेसेज येतात, काय करू?

हा प्रश्न नाही, ही ऋतूची खूण आहे. फेब्रुवारी उजाडला की सुरू होतं.

पोरांवर चिडू नका, त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की इश्यू (नोंदवलेला बग किंवा काम) आधी नावावर करून घ्यायचा, बस पकडताना खिडकीतून रुमाल टाकतात तसा. मग रुमाल टाकणारा येतच नाही आणि ज्याला खरंच बसायचंय तो उभा राहतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे असाइन करायचंच बंद करा. कॉन्ट्रिब्यूटिंग फाईलमधे स्पष्ट लिहा की काम सुरू करायला परवानगी लागत नाही, जो आधी धड ड्राफ्ट पीआर उघडेल त्याचा इश्यू. किंवा असाइन करा पण आठवडाभर हालचाल नसेल तर बॉटने आपोआप मोकळा करायचा.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचा स्वतःचा नियम बघा, तिथे समर ऑफ कोडसाठी अर्ज करणाऱ्याने एक छोटा मायक्रोप्रोजेक्ट करायचा असतो, पण एकच, म्हणजे हुशार पोरगं पाच घेऊन बाकीच्यांना उपाशी ठेवत नाही. सिंपायमधे (पायथनची गणिताची लायब्ररी) अर्जाचा विचार व्हायला किमान एक पीआर मर्ज झालेला लागतो. असा एखादा उंबरठा ठेवलात की "सर सर" करणारी गर्दी आपोआप पांगते, आणि राहतात त्यांच्याकडे बघायला तुम्हाला वेळ मिळतो.

मला ते "सर" म्हणतात. थांबवू का?

एकदा सांगा, "नावाने हाक मार, आणि मराठीत बोलताना दादा किंवा ताई म्हण". तरी म्हणत राहतील. सोडून द्या, तीसेक मेसेजनंतर आपोआप सुटतं. मात्र तुम्ही सर असल्यासारखं वागू नका. तुम्हाला एखादी गोष्ट माहीत नसेल तर चॅनेलवर सगळ्यांसमोर तसं लिहा आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारा. पोरं ते बघत असतात.

पहिलं काम कुठलं द्यावं?

"गुड फर्स्ट इश्यू"च्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते लेबल तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लावून गेलेलं असतं आणि तो इश्यू इतका सोपा असता तर एव्हाना सुटला असता की. चांगल्या पहिल्या इश्यूत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: बग कसा दिसतो, साधारण कुठल्या फाईलमधे बघायचं, आणि सुटला हे कसं कळणार. या तीन ओळी तुम्ही लिहायच्या. दहा मिनिटं लागतात आणि पोराचा आठवडा वाचतो.

माझी पसंती मात्र सेटअपच्या डॉक्युमेंटला. विद्यार्थ्याला सांगायचं की तुझ्या लॅपटॉपवर हे स्टेप बाय स्टेप कर आणि जिथे लिहिल्यापेक्षा वेगळं घडेल तिथे नोंद ठेव. शंभर टक्के काहीतरी सापडतंच, कुठलंतरी पॅकेज लिहायचं राहिलेलं असतं, कुठलीतरी पायथनची आवृत्ती जुनी असते. तो त्याचा पहिला पीआर. हे काम फक्त नवखाच करू शकतो, जुन्या माणसाच्या मशीनवर सगळं आधीच असतं. शिवाय फोर्क (प्रोजेक्टची आपली प्रत), ब्रँच (बदलांची वेगळी फांदी), कमिट (बदलाची नोंद), रिव्ह्यू, मर्ज हा सगळा रस्ता कोडची भीती न बाळगता एकदा चालून होतो.

रीडमीमधे (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमधे) कॉमा टाकण्याचे पीआर मात्र नको. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमधे (ऑक्टोबरभर पीआर पाठवायची मोहीम) टी-शर्टसाठी असल्या पीआरचा पाऊस पडला आणि आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलून फक्त स्वतःहून नाव दिलेल्या रेपोंचे (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यांचे) पीआर मोजायचं ठरवावं लागलं. २०२४ मधे एक्सप्रेस जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रेपोत लोक रीडमीत नुसतं आपलं नाव टाकून पीआर उघडत होते, कारण एका ट्यूटोरियलमधे उदाहरण म्हणून तो रेपो दाखवला होता आणि पाहणाऱ्यांनी तस्संच केलं. सरावच करायचा असेल तर मुलांना स्वतःचा एक डमी रेपो काढून एकमेकांना पीआर पाठवायला लावा, हव्या तेवढ्या चुका करा, कोणाला त्रास नाही.

सगळं पर्सनल मेसेजवर विचारतात. उत्तर द्यावं का?

द्यावं, पण तिथे नाही. "हे चॅनेलवर टाक, मी तिथेच उत्तर देतो" असं लिहायचं आणि त्याने टाकलं की खरंच लगेच उत्तर द्यायचं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. चॅनेलवर विचारलेला पहिला प्रश्न जर दोन दिवस लटकत राहिला तर पोरगं परत कधी तिथे तोंड उघडणार नाही.

कारणही समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही टाळताय. तुम्ही झोपलेले असताना बर्लिनमधला कोणीतरी उत्तर देऊ शकतो, आपण त्यांच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे. पुढच्या वर्षी येणाऱ्याला तेच उत्तर सर्चमधे सापडतं. आणि बाकीच्या मेंटेनरांना त्या पोराचं नाव ओळखीचं होतं, जे तुम्ही नसताना त्याच्या कामी येतं.

खाजगी राहू द्यायच्या गोष्टी वेगळ्या: तब्येत, घरची अडचण, पैशाचा घोळ, कोणी त्रास देतंय. त्रासाची गोष्ट असेल तर ती स्वतःच मिटवत बसू नका, प्रोजेक्टची कोड ऑफ कंडक्ट कमिटी असते तिच्याकडे न्या. आणि पुरुष मेंटॉरांनो, रात्री अकराला मुलीला "फ्री आहेस का, कॉल करू?" असा मेसेज नको, तुमच्या मनात कितीही फक्त मर्ज कॉन्फ्लिक्ट असला तरी.

विद्यार्थी अडकला की लगेच सांगू का, की झगडू देऊ?

तासभर झगडू दे. तासानंतर विचारायलाच पाहिजे, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि त्याला परवानगी म्हणू नका, नियम म्हणा. "अडचण आली तर विचार हं" असं म्हटलं की कोणी विचारत नाही.

विचारायचं कसं हेही शिकवावं लागतं. सुरुवातीला येतं ते असं: "हॅलो, मला एरर येतोय" आणि सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो, तिरका, वर ट्यूबलाइट चमकतेय. काही महिन्यांनी त्याच पोराकडून असं यायला लागतं:

"उबंटू २२.०४, मेन ब्रँचचा आजचा कोड. तारखांच्या टेस्टमधली तिसरी फेल होतेय, पूर्ण एरर खाली पेस्ट केलाय. मला वाटलं टाइमझोनमुळे असेल म्हणून मशीन यूटीसीवर टाकून बघितलं, तर पास होते. म्हणजे माझ्या फिक्समधे गडबड आहे की टेस्टच भारतीय वेळेत फेल होते?"

बघा, प्रश्न लिहिता लिहिता त्याने अर्धं उत्तर काढलंय. आणि त्याच्या दोन शंकांपैकी दुसरी खरी निघाली, टेस्टच फेल होत होती. टेस्ट लिहिणाऱ्याने टाइमझोनचा फरक पूर्ण तासातच असतो असं धरलं होतं, आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, त्यातल्या अर्ध्या तासाने ते उघडं पडलं. हा प्रकार खरंच बऱ्याच कोडबेसमधे सापडतो, आपल्या पोरांनी मुद्दाम शोधावा.

रिव्ह्यू कसा लिहायचा? जास्त कमेंट केल्या तर पोरगं खचेल का?

कमेंटच्या संख्येने खचत नाही, कशाला आधी हात घालायचा हे न कळल्याने खचतं. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. विंडोजवर काम करणाऱ्या मुलीने पीआर पाठवला, बदल दोन ओळींचा, पण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडला तर आठशे ओळींची अख्खी फाईल लाल आणि खाली परत अख्खी फाईल हिरवी. तिच्या एडिटरने सगळ्या लाइन एंडिंग बदलून टाकल्यात. तिला डोळ्यांनी काहीच फरक दिसत नाहीये.

यावर "इतके बदल का केलेस? प्लीज फिक्स" असं लिहिणारे रिव्ह्यूअर मी रोज बघतो. आता ती काय फिक्स करणार? तिच्या मते तिने दोनच ओळी बदलल्या. ती पीआर बंद करते, नवीन उघडते, परत तेच.

त्यापेक्षा असं लिहा: "तुझा खरा बदल दोन ओळींचा आहे आणि तो बरोबर आहे. बाकी सगळं लाइन एंडिंगमुळे दिसतंय, विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर टाकतं. गिटमधे ऑटोसीआरएलएफ चालू कर, मग रीनॉर्मलाइजवाला अ‍ॅड करून कमिट अमेंड कर, डिफ दोन ओळींवर येईल. नाही आला तर चॅनेलवर टाक, एकत्र बघू. दुसरं म्हणजे कमिट मेसेजमधे 'बग फिक्स्ड'ऐवजी कुठला बग ते लिही, पण ते नंतर, आधी हे." पहिल्या वाक्यात बरोबर काय ते, मग एकच अडथळा आणि त्याचं कारण, मग पुढची वाट, आणि बाकीच्या गोष्टी मागे ढकललेल्या. आणि त्याच दिवशी रेपोत गिट अ‍ॅट्रिब्यूट्सची फाईल (लाइन एंडिंग ठरवून देणारी) टाका, म्हणजे पुढच्या दहा जणांना हे होणारच नाही.

अजून एक, स्वतः ब्रँचवर जाऊन दुरुस्त करून मर्ज करून टाकायचा मोह होतो. तुम्हाला पाच मिनिटांचं काम असतं आणि तिला दोन दिवसांचं. रिलीज अडली असेल तरच करा.

चॅटजीपीटीने लिहिलेला पीआर कसा ओळखायचा?

ओळखत बसू नका, विचारा. "ही कंडिशन कशाला लागली? काढली तर कुठली टेस्ट फुटेल?" ज्याला सांगता येतं त्याने कशाने लिहिलं याची मला फारशी फिकीर नाही, ज्याला येत नाही त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं असलं तरी मर्ज करायचं नाही. मात्र प्रोजेक्टचा नियम आधी बघा. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२४ मधे एआयने बनवलेल्या कॉन्ट्रिब्यूशनला सरळ बंदी घातली. कर्ल या डाउनलोडच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग एआयने रचलेल्या खोट्या सिक्युरिटी रिपोर्टांबद्दल जाहीरपणे वैतागून लिहीत आलेत. अशा ठिकाणी तुमच्या विद्यार्थ्याने न सांगता काही पाठवलं तर नाव तुमचंही जातं.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. पूर्वी पोरगं अडकलं की नाइलाजाने का होईना चॅनेलवर यायचं. आता रात्रभर एआयशी बोलत बसतं, तुम्हाला कमिट येताना दिसतात, तुम्हाला वाटतं छान चाललंय, आणि मिडटर्मला (अर्ध्या वाटेवरच्या मूल्यमापनाला) कळतं की सगळी इमारत चुकीच्या गृहीतकावर उभी आहे जे कुठल्याही मेंटेनरने दोन मिनिटांत सांगितलं असतं. म्हणून मी आठवड्याच्या कॉलला "काय केलंस" विचारत नाही, "स्क्रीन शेअर कर आणि या आठवड्याचा सगळ्यात गोंधळाचा कोड मला समजावून सांग" म्हणतो.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून लिहायला घाबरतात. मराठीत बोललं तर चालेल?

कॉलवर खुशाल मराठीत बोला. तुम्ही दोघंही मराठी असाल तर उगाच इंग्रजीचं नाटक कशाला. पण जे ठरलं ते कॉल संपल्यावर विद्यार्थ्याने स्वतः इश्यूवर इंग्रजीत चार ओळींत लिहायचं, मोडकं-तोडकं चालेल. निम्मे मेंटेनर जर्मन, ब्राझिलियन, जपानी असतात, त्यांचंही इंग्रजी शाळेतलंच. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. एआयकडून गुळगुळीत करून घेतलेल्या तीन परिच्छेदांपेक्षा ते कोणालाही आवडतं.

लॅपटॉप साधा आहे, ४ जीबी रॅमचा. काय करता येईल?

प्रोजेक्ट बघून घ्यायचा. क्रोमियमचा नुसता कोड आणून बिल्ड करायला १०० जीबी मोकळी डिस्क लागते, तिथे जाऊच नका. पायथन, जावास्क्रिप्टचे पुष्कळ प्रोजेक्ट आरामात चालतात. शॅलो क्लोन (जुना इतिहास सोडून फक्त ताजा कोड आणणं) शिकवा, सीकॅश (आधी कंपाइल झालेलं परत वापरणारं साधन) शिकवा, ब्राउझरमधे चालणारं वर्कस्पेस मिळत असेल तर ते, आणि पूर्ण टेस्ट सीआयवर सोडा. लाइट गेली, रेंज गेली हे रडगाणं नसतं, तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यात खरंच दोन-दोन दिवस जाते. एवढंच ठरवून घ्या की लाइट जाण्याआधी जे असेल ते पुश करायचं (सर्व्हरवर पाठवायचं), अर्धवट असलं तरी, ड्राफ्ट म्हणून.

परीक्षा, सबमिशन, प्लेसमेंट यांचं काय?

प्रपोजलमधेच तारखा लिहून घ्या. अमेरिकेतल्या पोरांची मेमधे सुट्टी सुरू होते, आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षा बऱ्याचदा मे-जूनमधे असतात, म्हणजे ऐन कोडिंग सुरू होताना. वर ओरल्स, जर्नलच्या सह्या, आणि फायनल इयर लागलं की जुलै-ऑगस्टला प्लेसमेंट. पोरं हे लपवतात, त्यांना वाटतं सांगितलं तर सिलेक्शन होणार नाही. उलट ज्याने "१० ते २८ जून माझी परीक्षा, त्या काळात काम शून्य, म्हणून शेवट दोन आठवडे पुढे नेलाय" असं लिहिलंय त्याचं प्रपोजल मी वर ठेवतो. समर ऑफ कोडमधे नेहमीचे १२ आठवडे २२ पर्यंत ताणता येतात, ते आधीच बोलून ठरवायचं.

विद्यार्थी गायबच झाला. आता?

पहिल्या शांत तीन दिवसांनंतर एक साधा मेसेज: "सगळं ठीक ना? कोड झाला नसेल तरी चालेल, फक्त कुठे आहेस ते सांग." दोन दिवसांनी ईमेल. मग सह-मेंटॉरकडून एक, कधी कधी दुसऱ्या माणसाला उत्तर देणं सोपं जातं. आठवडा उलटला की संस्थेच्या अ‍ॅडमिनला कळवा, "अजून थोडी वाट बघू" करत बसू नका.

परत आला की आधी वसुली करू नका. "का नाही सांगितलंस" याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. पुढच्या दोन दिवसांत होईल असं एकच छोटं काम द्या आणि कॉल आठवड्याऐवजी एक दिवसाआड करा.

नापास करावं का? वाईट वाटतं.

काम झालं नसेल तर करावं, आणि करायचंच तर मिडटर्मला. समर ऑफ कोडमधे स्टायपेंडचे ४५ टक्के मिडटर्मनंतर आणि ५५ टक्के शेवटी मिळतात. "बिचारा, पुढे करेल" म्हणून मिडटर्मला पास केलेला विद्यार्थी शेवटी नापास झाला तर त्याचे अजून दोन महिने वाया गेलेले असतात आणि तुमचेही. निकालाच्या फॉर्ममधून कळायला नको, दोन आठवडे आधी तोंडावर सांगा: अमुक झालं नाही तर मी पास करणार नाही. कोड मर्ज झाला नाही म्हणजे नापास असं मात्र नाही, मर्ज अडण्याची कारणं कित्येकदा प्रोजेक्टची असतात.

मराठी येतं याचा ओपन सोर्समधे काही उपयोग?

भरपूर, आणि भाषांतरापुरता नाही. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, फॉन्टमधे दोन्ही असतात पण पानाला मराठी भाषेचा टॅग लावला नसेल तर हिंदीवालेच दिसतात, हे दिल्लीतल्या डेव्हलपरच्या लक्षात येत नाही. दऱ्या, वाऱ्यावर यातला चंद्रकोरीसारखा र कितीतरी ठिकाणी मोडतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, तर याद्यांचं सॉर्टिंग तपासा. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी लोहित या भारतीय लिप्यांच्या खुल्या फॉन्टवर वर्षानुवर्षं काम केलं ते असल्याच गोष्टींसाठी. मराठी विकिपीडियाच्या साधनांत, लिबरऑफिसच्या अनुवादात, ओसीआरमधे (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) आजही माणसं कमी पडतात. आणि मुंबईत बनणारा ईआरपीनेक्स्ट आहे (कंपन्यांचा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर), फॉस युनायटेड या भारतातल्या ओपन सोर्स संस्थेचे मीटअप आहेत, समोर बसून कोणाला तरी विचारायचं असेल तर तिथे जा.

माझ्या विद्यार्थ्याचं सिलेक्शन झालं नाही. आता काय सांगू?

जागा कमी असतात हे खरं कारण सांगा, "पुढच्या वेळी नक्की" असं खोटं सांगू नका. पीआर मात्र मर्ज करा! निकालाच्या दिवशी निवड न झालेल्यांचे उघडे पीआर वाऱ्यावर सोडणारे प्रोजेक्ट मी बघितलेत, त्यातली पोरं परत कधी त्या रेपोत फिरकली नाहीत, आणि का फिरकावं?

प्रोग्राम संपल्यावर लगेच कमिट अ‍ॅक्सेस द्यावा का?

लगेच नको, कोडमधे थेट बदल करायचा अधिकार आहे तो. मार्च २०२४ मधे एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचं काय झालं ते आठवा, दोन-अडीच वर्षं गोड वागून विश्वास कमावलेल्या अनोळखी नावाने लायब्ररीत चोरदरवाजा टाकला. तुमचं पोरगं तसं नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. आधी इश्यू हाताळायचे अधिकार द्या, दुसऱ्यांचे पीआर रिव्ह्यू करायला लावा. रिव्ह्यू करायला लागलं की ते प्रोजेक्टमधे टिकतं असा माझा अनुभव आहे.

कॉलेजला मेंटॉरच्या सहीचं पत्र हवंय, शिक्क्यासकट. शिक्का कुठून आणू?

शिक्का नसतो. प्रोजेक्टच्या ईमेलवरून तारखा आणि मर्ज झालेल्या पीआरच्या लिंक लिहून पत्र पाठवा. विभागप्रमुखांनी तरी शिक्का मागितला तर विद्यार्थ्याला सांगा, समर ऑफ कोडचं सर्टिफिकेट जोड आणि रंगीत प्रिंट काढ, रंगीत असलं की बहुतेक ठिकाणी चालतं.